पुढच्या चाकाचा ऐब

आमच्या धाकट्या भावाची पिकअप गाडी यंदा १४ वर्षांची झाली. मिरजेहून हळद-मिरचीची पोती कोल्हापूरला, परतताना लोखंडी सामान नाहीतर सिमेंट, द्राक्षांच्या हंगामात तासगावकडचे क्रेट आणि उरलेले दिवस जे भाडे मिळेल ते. या गाडीवर त्याचे घर चालले, दोन मुली दहावीच्या आसपास आल्या, अम्मींच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशने झाली. अम्मी तिला 'बरकतवाली' म्हणतात. सकाळी ती सुरू झाल्याचा आवाज आला की तोंडातल्या तोंडात दुआ पुटपुटतात आणि मगच चहाला हात लावतात.

गेल्या पावसाळ्यानंतर ही बरकतवाली डावीकडे ओढू लागली. भाऊ म्हणाला, रस्तेच खराब आहेत. मग ५० च्या पुढे वेग गेला की स्टेअरिंग थरथरू लागले. भाऊ म्हणाला, हवा कमीजास्त असेल. मग पुढचा डावा टायर, जेमतेम चार महिन्यांचा, आतल्या कडेने असा झिजला की तारा दिसायच्या बाकी राहिल्या. तेव्हा भावाने तो टायर मागे टाकला आणि मागचा पुढे घातला. आपल्याकडचा हा पहिला इलाज. दुखणे आहे तिथेच राहते, फक्त टायर जागा बदलतो.

आम्ही पडलो शाळामास्तर. स्कूटरमध्ये हवा भरून आणणे एवढीच आमची गाडीविद्या. पण या दोन-अडीच महिन्यांत जे पाहिले आणि जे आमच्याच घरात घडले, ते या सदरात लिहावेसे वाटले. कारण आपल्या समाजात गाडीवर पोट असलेली घरे पुष्कळ आहेत, आणि गाडीखाली पोट असलेलीही तितकीच.

गाडीखाली पोट असलेले आमचे मिस्त्री चाचा. पत्र्याची शेड, समोर चिंचेचे झाड, झाडाखाली उघडी पडलेली दोन इंजिने. अकराव्या वर्षी उस्तादाच्या हाताखाली गेले, ते आता साठीला आले तरी हातातला पाना सुटलेला नाही. भावाने टायर दाखवला. चाचांनी टायरकडे पाहिले, भावाकडे पाहिले आणि म्हणाले, "टायर बोलतो बेटा. तू ऐकत नाहीस." मग मागच्या चाकांना दगड लावले, पुढचा डावा भाग जॅकवर उचलला आणि जॅकच्या शेजारी लोखंडी घोडी उभी केली. घोडीशिवाय ते गाडीखाली डोके घालत नाहीत. एकदा जॅक सटकताना त्यांनी पाहिला आहे. त्याबद्दल जास्त बोलत नाहीत.

चाक अधांतरी झाल्यावर त्यांनी एक हात वर आणि एक हात खाली, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरला आणि चाक हलवून पाहिले. चाक खट् खट् वाजले. आम्हाला वाटले, झाले निदान. पण चाचा म्हणाले, "मास्तर, वर बसा आणि ब्रेक दाबून धरा." आम्ही केबिनमध्ये चढून पाय दाबून बसलो. त्यांनी पुन्हा चाक हलवले. पुन्हा तेच खट् खट्, आणि ते आमच्या तळपायाला जाणवले.

याचा अर्थ त्यांनी नंतर समजावला, आणि तो प्रत्येक गाडीवाल्याने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. चाक दोन कारणांनी असे डुलते. एक, चाकाचे बेअरिंग ढिले झाले असेल. दुसरे, चाक ज्या खुंटीवर डावी-उजवीकडे वळते ती खुंटी, म्हणजे किंगपिन, झिजली असेल. ब्रेक दाबला की चाकाचा हब आणि त्यामागचा स्टब ॲक्सल एकमेकांना घट्ट धरले जातात. बेअरिंगचा खेळ तिथेच थांबतो. ब्रेक दाबूनही चाक हलत राहिले, तर दोष किंगपिनचा. बेअरिंग काय, अर्ध्या तासात आवळता येते. किंगपिनचे तसे नाही. हात तीन आणि नऊच्या जागी धरून हलवले तर टायरॉडच्या टोकांची ढिलाई कळते. तीही होती, पण थोडी.

आमच्या आजोबांचा टांगा होता, मिरज स्टेशन ते मिशन हॉस्पिटल. त्या टांग्याखाली कमानी होत्या, एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्यांच्या. लहानपणी आम्ही त्यावर बसून वरखाली झुलायचो आणि मार खायचो. भावाच्या पिकअपखाली वाकून पाहिले तर तीच कमान! चाचा तिला पाटे म्हणतात. वरचा पाटा सगळ्यांत लांब, त्याच्या दोन्ही टोकांना गोल डोळे. खालचे पाटे क्रमाने आखूड. पुढचा डोळा पिन आणि बुशने चॅसीला बांधलेला, मागचा डोळा शॅकल नावाच्या दुव्याला लटकलेला. खड्ड्यात चाक आपटले की कमान सपाट होते, सपाट झाली की लांब होते, आणि ती लांबी सामावून घ्यायला शॅकल मागे झुलतो. पाटे धक्का पितात. पण प्यायल्यावर पुन्हा पुन्हा उसळतात. ती उसळी मारायला शॉकअप. शॉकअप गेला की गाडी खड्डा ओलांडल्यावरही नाचत राहते, आणि टायरवर जागोजागी खळगे पडतात. सगळे पाटे मधोमध एका सेंटर बोल्टने एकत्र बांधलेले आणि दोन यू-बोल्टनी ॲक्सलला आवळलेले. किती साधी रचना! आणि आमच्या आजोबांच्या काळापासून फारशी बदललेली नाही. फरक इतकाच की टांग्याला चार माणसे बसत, आणि पिकअपमध्ये आपण डोळे मिटून टन-दीड टन भरतो, कधी त्याहून जास्त.

चाचांनी तासाभरात हिशेब मांडला. दोन्ही बाजूंचे किंगपिन आणि बुश गेलेले, डावीकडचे जास्त. डावीकडचा दुसरा पाटा सेंटर बोल्टच्या भोकापाशी तडकलेला. यू-बोल्ट ढिले राहिले की पाटा तिथेच तुटतो, असे ते म्हणाले. शॅकलच्या बुशची भोके अंड्यासारखी लांबट झालेली. दोन्ही शॉकअप तेल गाळणारे. भार पडला की किंगपिनवरचे चाक वरून आत झुकते, म्हणून टायर आतून खाल्ला गेला. सामान, लेथ आणि मजुरी मिळून १९ ते २० हजार. "आणि ही गाडी तोवर लोड घेऊन घाटात न्यायची नाही," एवढे बोलून चाचा हात धुवायला गेले.

भावाचा चेहरा उतरला, पण तो दुरुस्तीच्या खर्चाने नव्हे. खरी गोष्ट आम्हाला रात्री इशाच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर कळली. त्याने गाडी विकायला काढली होती. दोन लाख दहा हजारांना सौदा तोंडी ठरला होता, पाच हजार बयाना घेतला होता, आणि त्या पैशांच्या भरवशावर थोडी नवी दुसरी गाडी पाहून ठेवली होती. गिऱ्हाईक तासगाव तालुक्यातला एक तरुण, जेमतेम चोवीस-पंचवीसचा. येत्या आठवड्यात पूर्ण रक्कम घेऊन येणार होता.

मधल्या दलालाला भावाने दोष सांगितला होता. दलाल हसला म्हणे. त्याच्याकडे तोडगा तयार होता. किंगपिनच्या निपलमधून जाड ग्रीस दाबून दाबून भरायचे, बेअरिंगचे नट थोडे जास्त आवळायचे, तडकलेल्या पाट्यावर काळा रंग मारायचा, शॉकअप पुसून कोरडे करायचे, टायर दुसरे घालायचे. पंधरा दिवस चाक हूं की चूं करत नाही. पंधरा दिवसांनी गाडी ज्याची, दोष त्याचा. "जशी आहे तशी, असे कागदावर लिहून घेऊ," हेही त्याने सुचवले होते.

भावाने विचारले, "भाई, काय करू?"

इथे वाचकांपासून काही लपवणार नाही. आम्ही लगेच काही बोललो नाही. दोन लाख दहा हजार, दोन मुली, पुढे येणारे कॉलेज, हे सगळे आमच्याही डोळ्यांपुढे होते. मग आम्ही जे बोललो ते न बोलण्यापेक्षा वाईट होते. आम्ही म्हणालो, "घेणाराही डोळे उघडे ठेवूनच घेतो ना. त्याने आपला मिस्त्री आणून पाहावी." वाक्य वरवर बरोबर होते. वर्गात एखादा मुलगा असे वाक्य बोलला असता, तर आम्ही त्याला उभे करून विचारले असते की तुला नेमके काय म्हणायचे आहे.

मदीनेच्या बाजारातला तो प्रसंग आम्ही मुलांना किती वर्षे सांगत आलो. हजरत पैगंबर मुहम्मद (सल्ल.) धान्याच्या राशीपाशी थांबले, राशीत हात घातला, तर बोटांना ओल लागली. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. आपण (सल्ल.) विचारले की मग ओले धान्य वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते. आणि फसवणारा आपल्यातला नाही, असे बजावले. सही मुस्लिममधली ही हदीस मुलांना लगेच कळते, कारण रास, ओल आणि हात हे तिन्ही त्यांनी पाहिलेले असतात. आम्हाला मात्र त्या रात्री राशीच्या जागी किंगपिन दिसायला वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी आम्ही मौलाना साहेबांना गाठले. मनात एक पळवाट होती, आणि आम्ही ती मसला म्हणून विचारली: 'कोणत्याही दोषाला मी जबाबदार नाही' असे आधीच सांगून विकले तर? मौलाना म्हणाले की फिकहच्या किताबांत यावर चर्चा आहे आणि ती लांबलचक आहे. शिवाय छुपा जुना ऐब नंतर निघाला तर घेणाऱ्याला माल परत करण्याचा हक्क, ज्याला खियार-ए-ऐब म्हणतात, तोही आहे. मग त्यांनी चष्मा काढला आणि विचारले, "मास्तर साहेब, लपवायचे नाही म्हणता, तर मग ग्रीस कशासाठी भरता?"

याला उत्तर नव्हते.

तरीही भाऊ दोन दिवस घुटमळत राहिला, आणि त्याला दोष द्यावा असे आम्हाला वाटत नाही. धर्माची गोष्ट पगारदार माणसाला स्वस्तात पडते. महिन्याच्या एक तारखेला आमचा पगार जमा होतो. त्याची रोजी चाकावर आहे. शेवटी जे झाले ते त्या तरुणाच्याच तोंडून झाले. तो गाडी पुन्हा पाहायला आला, आमच्या घरी चहा प्यायला, आणि सहज बोलता बोलता म्हणाला की छाटणीच्या आणि विरळणीच्या दिवसांत सकाळी बायका बागेवर न्यायच्या, दुपारी माल भरायचा. गाडी रिकामी उभी राहणार नाही. मालवाहू गाडीत माणसे भरून नेणे कायद्याने बंद आहे. पण त्या पट्ट्यात सकाळी सात वाजता रस्त्यावर उभे राहा, डोक्याला रुमाल बांधून, डबा मांडीवर घेऊन, फाळक्याला धरून उभ्या असलेल्या बायका दर दहा मिनिटांनी दिसतात. आमची भावजय दाराआड उभी होती. तिची आई अशीच बागेवर जायची. ती पडद्यामागून भावाला एवढेच म्हणाली, "चाकाचं सांगितलं का त्यांना?"

भावाने कप खाली ठेवला आणि सगळे सांगितले. किंगपिन, तडकलेला पाटा, शॉकअप, सगळे. दलालाचा तोडगाही सांगितला. त्या मुलाला बाहेर नेऊन चाकावर हात ठेवायला लावला. आम्ही पुन्हा केबिनमध्ये बसून ब्रेक दाबला. आता आम्हाला त्यात सराव झाला होता.

मुलगा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, घरी विचारून कळवतो. चार दिवसांनी त्याचा फोन आला की वडील नको म्हणतात, दुसरीकडे एक गाडी पाहिली आहे. बयाना परत केला. दलालाने भावाला फोनवर जे ऐकवले ते या मासिकात छापण्याजोगे नाही. नवी पाहून ठेवलेली गाडी दुसऱ्याने नेली. भाऊ आमच्याशी आठ दिवस कामापुरते बोलत होता. अम्मींनी दोघांना एका ताटात जेवायला बसवले, तरी मीठ मागण्यापलीकडे संभाषण गेले नाही.

आता गाडी दुरुस्त करण्याशिवाय मार्ग नव्हता. आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीला दर वर्षी पासिंग करावे लागते, आणि भावाच्या गाडीची तारीख जवळ आली होती. पैशांचा प्रश्न भावजयीने सोडवला. गल्लीतल्या बाराजणींची बिनव्याजी भिशी आहे, दर महिन्याला दोन हजार. तिचा नंबर तीन महिन्यांनी होता. ज्या बाईचा या महिन्याचा होता तिने अदलाबदल करून दिली. २४ हजार हातात आले. कर्जाचा कागद नाही, व्याज नाही, आणि कुणाच्या दारात उभे राहणे नाही.

सुट्टीच्या दिवशी आम्ही चाचांच्या शेडमध्ये गेलो. म्हटले, पाप अर्धे आमचेही आहे, निदान टॉमी तरी धरू. काम सुरू झाले ते आदल्या संध्याकाळीच, कारण चाचांनी सगळ्या गंजलेल्या नटांवर तेल सोडून ठेवले होते. रात्रभर तेल मुरले की सकाळी निम्मी मारामारी वाचते. चाके निघाली, ड्रम निघाले. ब्रेकची प्लेट पाइपवर लोंबकळू न देता तारेने चॅसीला बांधून ठेवली. रबरी पाइपवर वजन आले तर तो आतून फाटतो आणि बाहेरून दिसत नाही. उजवीकडचा किंगपिन चार घावांत निघाला. डावीकडच्याने दीड तास घेतला. तो इतका कोरडा होता की बुशसकट गंजून एकजीव झाला होता. शेवटी गॅसने ॲक्सलचा डोळा थोडा गरम केला, मग घण. बाहेर आला तेव्हा चाचांनी तो आमच्या हातात दिला. वरच्या आणि खालच्या बुशच्या जागी पिन एका बाजूने इतकी खाल्लेली होती की नख अडकत होते. "ग्रीस नाही मिळाली हिला," चाचा म्हणाले, "निपल मातीने बंद. वरून पंप मारत होता हा, ग्रीस बाहेरच पडत होती." भाऊ खाली पाहत होता.

नवे बुश नुसते ठोकून चालत नाही. बुशचे भोक निपलच्या भोकासमोर आले पाहिजे, नाहीतर ग्रीस कधीच आत जाणार नाही. आणि वरचा व खालचा बुश एका सरळ रेषेत रीमरने घासावा लागतो, दोन्ही एकदम, लांब रीमरने. वेगवेगळे घासले तर पिन तिरकी बसते. त्या मापाचा रीमर मिरजेत ज्याच्याकडे होता तो गावाला गेलेला. मग दोन्ही स्टब ॲक्सल पोत्यात घालून आम्ही आणि भाऊ एसटीने कोल्हापूरला, शिवाजी उद्यमनगरात. तिथल्या लेथवाल्यांच्या बोळात तुम्ही कधी गेला नसाल तर जाऊन या. ऑइल इंजिनाच्या काळापासून तिथे लोखंड घासणारी माणसे आहेत, आणि हजारातला एक मिलिमीटर ती अंगठ्याने ओळखतात असे वाटते. लेथवाल्याने बुश घासून पिन आत घातली. ती हातोडीशिवाय, अंगठ्याच्या दाबाने, हळू आणि सारखी उतरली. "अशी गेली पाहिजे," तो म्हणाला. "सैल गेली तर परत आणा, पैसे नका देऊ."

परतीच्या एसटीत पोते पायाशी ठेवून दोघे शेजारी बसलो. हातकणंगले मागे पडल्यावर भाऊ पहिल्यांदा नीट बोलला. म्हणाला, "भाई, त्या बायकांचं मनातून जात नव्हतं." आम्ही म्हणालो, आमच्याही. बास.

जोडणी करताना चाचांनी बऱ्याच गोष्टी सांगितल्या, त्यातल्या काही इथे देतो. स्टबच्या खालच्या बाजूला थ्रस्ट बेअरिंग असते, गाडीचा सगळा भार त्यावर. ते उलटे बसवले तर धूळ-पाणी आत जाते आणि पहिल्या पावसात संपते. किंगपिन, शॉकअप, पाटे यांचे काम दोन्ही बाजूंनी एकदम करायचे, एक नवा आणि एक जुना ठेवला तर गाडी कायम एका अंगाने चालते. पाट्याच्या बाबतीत भावाला एकच तुटलेला पाटा बदलायचा होता, पैसे वाचत होते. चाचांनी दोन्ही बाजूंचे संच कमानवाल्याकडे पाठवून उंची सारखी करून घेतली. यू-बोल्ट जुने वापरले नाहीत, कारण एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तितकी पकड देत नाही. स्प्लिट पिनही सगळ्या नव्या. जुनी सरळ करून पुन्हा घालणारा मिस्त्री दिसला तर गाडी तिथून उचलावी, हे चाचांचे मत, आणि आमचेही झाले आहे. शॉकअपची रबरे मात्र त्यांनी गाडी चाकांवर उतरवल्यावरच शेवटची आवळली. अधांतरी असताना आवळली तर ती पिळलेल्या अवस्थेत बसतात आणि लवकर फाटतात.

सुट्या भागांच्या दुकानात आम्हाला तीन भावांचे किंगपिन दाखवले. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग यांत निम्म्याचा फरक. डबा हुबेहूब. चाचांनी आधीच सांगून ठेवले होते: कानशीचा एक हलका घास मारून बघ, चरा पडला तर पिन वरून कडक केलेली नाही, ठेवून दे. दुकानदाराला हे आवडले नाही. भावाने तरी बघितले, आणि मधल्या भावाची पिन घेतली. ज्या दुकानात बिल द्यायला नाखुशी दिसते तिथे आम्ही एरवीही थांबत नाही.

शेवटी अलाइनमेंट. अशा अखंड पुढच्या ॲक्सलच्या गाडीत चाकाचा कल ॲक्सलमध्येच ठरलेला असतो, त्यात फारसे करता येत नाही. टायरॉड कमीजास्त करून पुढच्या चाकांची आतली ओढ तेवढी बसवायची. ॲक्सल वाकलेला नव्हता, अलहम्दुलिल्लाह. एकूण खर्च २१,४०० रुपये. भिशीतले उरलेले भावजयीने परत डब्यात ठेवले आणि भावाला सांगितले की टायरसाठी आहेत, हात लावायचा नाही.

चाचांनी गाडी देताना दोन अटी घातल्या. पहिली ग्रीसची. दर पंधरवड्याला, आणि पुढची बाजू जॅकवर उचलून. चाक जमिनीवर असताना भार असलेल्या बाजूला ग्रीस शिरत नाही, नुसती मोकळ्या बाजूने बाहेर येते. उचलल्यावर नवी ग्रीस चारही बाजूंनी दिसेपर्यंत पंप मारायचा, आणि मारण्याआधी निपल पुसायचा. भावाने दर दुसऱ्या गुरुवारची संध्याकाळ ठरवली आहे. थोरली पुतणी पंप मारते. तिच्या अम्मीला आधी ते पसंत नव्हते. पण त्या मुलीने निपल कुठे कुठे आहेत याचे चित्र वहीत काढून भिंतीला लावले, तेव्हापासून कुणी काही बोलत नाही.

दुसरी अट यू-बोल्टची. नवे पाटे आणि नवे बोल्ट भार घेतल्यावर थोडे बसतात, म्हणून ५०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळायला आणायचे. गाडीचा किलोमीटरचा काटा २ वर्षांपासून बंद आहे. मिरज-कोल्हापूर जाऊन-येऊन साधारण १०० धरून भावाने दाराच्या आतल्या बाजूला खडूने रेघा ओढायला घेतल्या. पाचवी रेघ परवा झाली. काल असरनंतर गाडी चाचांकडे गेली. उजवीकडचे चारही नट जागच्या जागी होते. डावीकडच्या मागच्या नटाने पाव फेरा घेतला.